घड्याळ फिरवायचं की झोप तोडून घ्यायची? भारतातून अमेरिकी रेसिडेन्सीचे इंटरव्ह्यू देताना

२०२० पासून रेसिडेन्सीचे, म्हणजे अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणाचे, बहुतेक इंटरव्ह्यू व्हिडिओवर आले. विमानाचं तिकीट वाचलं, पण रात्रीची झोप गेली. पुण्यात, नाशिकला किंवा नागपूरला घरी बसून इंटरव्ह्यू देणाऱ्यापुढे दोनच वाटा उरतात. एक, नोव्हेंबर ते जानेवारी शरीराचं घड्याळच पुढे ढकलायचं, म्हणजे पहाटे साडेपाचला झोपून दुपारी साडेबाराला उठायचं. दुसरी, आपलं नेहमीचं घड्याळ ठेवायचं आणि इंटरव्ह्यूच्या दिवशी झोप दोन तुकड्यांत घ्यायची. दोन्ही वाटांनी मॅच होतं, म्हणजे रेसिडेन्सीची जागा मिळते. कोणती वाट कोणाला मानवेल, हे त्याच्या घरावर आणि नोकरीवर बरंचसं ठरतं, तरी माझा कल पहिलीकडे आहे. कारण खाली येईलच.

आधी वेळेचं गणित, कारण पहिली चूक तिथेच होते. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं एक तास मागे जातात. त्याआधी न्यूयॉर्कचे सकाळचे आठ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेपाच, त्यानंतर साडेसहा. शिकागोचे आठ म्हणजे साडेसात, कॅलिफोर्नियाचे आठ म्हणजे रात्रीचे साडेनऊ. ॲरिझोनाचा बहुतांश भाग घड्याळ बदलतच नाही, तिथले आठ वर्षभर आपले साडेआठच. कॅलेंडरात नोंद करताना वेळ भारतीय करून टाकू नका. नोंदीचा टाइम झोन प्रोग्रामच्या (रेसिडेन्सी देणाऱ्या रुग्णालयाच्या) गावाचाच ठेवा, भाषांतर फोनला करू द्या. तारखेचा घोळही याच पद्धतीने टळतो, कारण तिकडची '१२ तारखेची संध्याकाळ' ही आपली १३ तारखेची पहाट असते.

नुसते इंटरव्ह्यूच असते, तर मी बिनदिक्कत दुसरी वाट सांगितली असती. पूर्वेकडच्या प्रोग्रामचा इंटरव्ह्यू साडेसहाला सुरू होऊन अकराच्या आत संपतो. दुपारी दीडला जेवून दीड तास झोप काढली, की संध्याकाळी माणूस ताजा असतो. त्यासाठी दिवसाची रात्र करण्याची गरजच नाही.

अडचण आहे ती सोशलची.

इंटरव्ह्यूच्या आदल्या संध्याकाळी रेसिडेंट्सबरोबर तासाभराची अनौपचारिक भेट ठेवलेली असते. तिकडे संध्याकाळचे सहा, म्हणजे आपले पहाटेचे साडेचार. सात असतील तर साडेपाच. हजेरी ऐच्छिक असते, त्यावर गुण नाहीत असंही बहुतेक ठिकाणी सांगतात. पण रात्रपाळीत किती जण असतात, व्हिसावरच्या रेसिडेंटला फेलोशिप (रेसिडेन्सीनंतरचं पुढचं प्रशिक्षण) मिळाली का, घरभाडं किती, असले प्रश्न विचारायला दुसरी जागा नाही. फेब्रुवारीत रँक लिस्ट, म्हणजे प्रोग्रामची आपल्या पसंतीक्रमाची यादी, लावताना हीच माहिती कामाला येते. म्हणून सोशल सोडायची नाही, हे धरून चालू.

आता नेहमीच्या घड्याळावर लागोपाठचे दोन दिवस कसे जातात ते बघा. मंगळवारचा इंटरव्ह्यू रात्री अकराला संपला. डोकं गरम आहे, दिलेली उत्तरं मनात फिरताहेत, साडेबाराच्या आत डोळा लागत नाही. बुधवारच्या इंटरव्ह्यूची सोशल बुधवारी पहाटे साडेचारला आहे, म्हणून चार दहाचा गजर. झोप झाली तीन तास चाळीस मिनिटं, आणि उठलात तेही शरीराचं तापमान सगळ्यात खाली असतं त्या सुमाराला. सोशल संपते तेव्हा उजाडलेलं असतं, चहा झालेला असतो, मग पुन्हा झोप लागत नाही. दुपारची डुलकी मिळाली तर मिळाली. त्या अवस्थेत संध्याकाळी साडेसहाला बसायचं आणि रात्री पावणेदहाला चौथ्या इंटरव्ह्यूअरने 'आमचाच प्रोग्राम का?' विचारलं, की तोंडात कालच्या प्रोग्रामचं नाव येतं. आवाज खाली जातो, वाक्यं लांबतात, हसू उशिरा उमटतं. कॅमेऱ्यावर हे लगेच दिसतं.

माझ्यापुरता निकाल या पहाटे साडेचारने लावला. मोजमाप माझ्याकडे नाही, अनुभव आहे.

घड्याळ फिरवलेल्या माणसासाठी हीच सोशल दिवसाच्या शेवटी येते, म्हणजे यजमानांसाठी असते तशीच संध्याकाळी. ती सहापर्यंत संपते आणि सव्वासहाला तो झोपतो. पुण्यात नोव्हेंबरच्या मध्याला सूर्य साधारण पावणेसातला उगवतो, त्यामुळे डोळ्यावर ऊन पडायच्या आत अंथरुणात जाता येतं. सव्वाला उठलं की साडेसहाच्या इंटरव्ह्यूला मध्ये पाच तास मोकळे. लागोपाठ तीन दिवस असले तरी रोज सात तास झोप होते. शिवाय इन्व्हाइटच्या मेल तिकडच्या कामाच्या वेळात येतात, म्हणजे आपल्या रात्री साडेसात ते पहाटे साडेतीनच्या दरम्यान, आणि चांगल्या तारखा पटापट भरतात. जागा असणारा तिथल्या तिथे तारीख पकडतो. झोपणारा फोन उशाशी घेऊन, मेलला मोठी रिंगटोन लावून पडतो, आणि मग प्रत्येक जाहिरातीच्या मेलने दचकून उठतो. नेहमीचं घड्याळ ठेवणार असाल तर निदान एवढं करा: ईरास (अर्ज करायची यंत्रणा) आणि थॅलॅमस (इंटरव्ह्यूच्या तारखा ठरवायची यंत्रणा) यांच्या मेलपुरतीच आवाजाची सूचना ठेवा, बाकी सगळं मूक.

फिरवायचं कसं

रोज एक तास. झोपायची वेळ रात्री अकरावरून पहाटे साडेपाचवर न्यायला आठवडा धरा. शरीर पुढे ढकलायला तयार असतं, मागे ओढायला कुरकुरतं, म्हणून एका रात्रीत सलग जागरण करून 'सेट' करायच्या भानगडीत पडू नका. दोन दिवस जमल्यासारखं वाटतं, तिसऱ्या दिवशी दुपारी नऊ तास झोप आणि सगळं मुसळ केरात. संध्याकाळपासून रात्री दोनपर्यंत खोलीत भरपूर पांढरा उजेड ठेवा, शेवटचे दोन तास मंद. शेवटची कॉफी रात्री नऊ-साडेनऊला. कॅफीन निम्मं व्हायलाच पाचेक तास घेतं. झोप येईना म्हणून सेटिरिझिन (ॲलर्जीची गोळी) घ्यायची डॉक्टरांना सवय असते. तिची गुंगी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बोलण्यात उतरते, तेव्हा ती नको.

जेवणंही सोबत हलवावी लागतात. उठल्यावर एकच्या सुमाराला पूर्ण जेवण, पाचला उपमा किंवा पोहे, इंटरव्ह्यू संपल्यावर रात्री अकराला भाकरी-भाजी, आणि तीनला भूक लागली तर दूध किंवा केळं. इंटरव्ह्यूच्या आधी पोटभर भात खाल्ला तर दुसऱ्या इंटरव्ह्यूअरपर्यंत पापण्या जड होतात.

या वाटेचा खरा शत्रू आहे सकाळ. आठला घंटागाडीचं गाणं, नऊला दाराची बेल, दहाला कुकरच्या शिट्ट्या. जाड पडदा पुरत नाही, कडेने उजेड येतोच. काळं कापड खिडकीच्या चौकटीला वेल्क्रोने चारही बाजूंनी चिकटवा. बेलचा स्विच बंद करून दारावर चिठ्ठी, कानात फोमचे बोळे, पंखा एक नंबर वाढवून. कामवाल्या मावशींना शक्य असेल तर दुपारची वेळ द्या. घरात लहान मूल असेल किंवा एकच खोली असेल, तर हे सगळं करूनही झोप तुटते, आणि तुटलेली दिवसाची झोप रात्रीच्या तुटलेल्या झोपेपेक्षा बरी नाही. दुसरी चूक रविवारची. घरच्यांसोबत जेवायला म्हणून सकाळी नऊला उठलात, की सोमवार-मंगळवार त्याची भरपाई करण्यात जातात. दोन तासांपेक्षा जास्त घसरू देऊ नका. नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं, तो आठवडा आणि नाताळ ते नववर्ष हा काळ जवळपास रिकामा जातो. तेव्हाही हाच नियम. २०२६ मध्ये तर लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे, अमेरिकेचं घड्याळ बदलल्यानंतर बरोबर आठवड्याने. त्याच्या पुढच्या दोन-तीन संध्याकाळी साडेसहा-सातला फटाके वाजणार. तेव्हाचे स्लॉट पश्चिमेकडच्या प्रोग्रामचे मिळाले तर बघा, नाहीतर आतली खोली आणि आवाज गाळणारा हेडसेट.

दुसरी वाट कोणासाठी

सकाळची ओपीडी किंवा बंधपत्राची नोकरी असेल, तर घड्याळ फिरवण्याचा विषयच संपतो. हातात तीन-चारच इंटरव्ह्यू असतील आणि तेही दोन आठवड्यांच्या अंतराने, तर एवढा खटाटोप कशाला? इन्व्हाइट बहुतांश पश्चिम किनाऱ्याचे असतील तर हिशोबही उलटतो. तिथली संध्याकाळी सहाची सोशल आपल्याकडे सकाळी साडेसातला येते, ती नेहमीच्या घड्याळावर सहज जमते आणि फिरवलेल्या घड्याळावर झोपेच्या मध्यात पडते. मात्र तिथला इंटरव्ह्यू रात्री साडेनऊ ते दीड चालतो, त्यासाठी दुपारी नव्वद मिनिटांची झोप सक्तीची समजा. चाळीस-पन्नास मिनिटांनी उठाल तर गाढ झोपेतून उठाल आणि अर्धा तास डोकं सुन्न राहील. वीस मिनिटं किंवा नव्वद, मधलं नको. आणि पूर्वेकडच्या दोन सोशल एकाच आठवड्यात पडणार नाहीत अशा तारखा निवडा. या वाटेवर सगळी मदार तारखांच्या निवडीवर आहे.

खुर्चीतला थकवा दोन्हीकडे सारखाच. झूमवर स्वतःचा चेहरा लपवा, तो बघत राहणं फार दमवतं. दोन इंटरव्ह्यूअरच्या मधल्या पाच मिनिटांत बसून राहू नका. उभं राहून खिडकीबाहेर लांबवर बघा, कोमट पाणी प्या, आत्ताच्या माणसाबद्दल तीन शब्द कागदावर लिहा. राउटरला छोटा यूपीएस आणि फोनचा हॉटस्पॉट तयार असू द्या. वीज जाईल या धास्तीनेही माणूस दमतो. संपल्यावर पंधरा मिनिटांत सविस्तर टिपणं काढा, कारण सहाव्या इंटरव्ह्यूनंतर प्रोग्राम एकमेकांत मिसळतात. अकराला संपून पहाटेपर्यंत जागा असलेल्याला हे निवांत जमतं. झोपायची घाई असलेला ते उद्यावर टाकतो.

ठरत नसेल तर ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात घड्याळ फिरवायला घ्या. झोपायची वेळ पहाटे तीनपर्यंत आली की तीन दिवस तिथेच थांबा. चौथ्या दिवशीही गजराशिवाय सकाळी आठला डोळा उघडत असेल, तर तुमचं शरीर किंवा तुमचं घर यातलं काहीतरी ऐकत नाहीये. मग नेहमीच्या घड्याळावर या आणि स्लॉट त्या हिशोबाने मागा.