डनहिलचा पाइप : अकरा महिन्यांच्या वापरानंतर

गेल्या वर्षी पन्नाशी गाठल्याचे निमित्त करून मी लंडनच्या एका दुकानातून डनहिलचा नवा पाइप विकत घेतला. शेल ब्रायर, क्रमांक ४१०३. म्हणजे चौथ्या आकारगटातला, निमुळत्या माउथपीसचा, सरळ दांडीचा, बिलियर्ड या साध्या घाटाचा. किंमत सहाशे पौंडांना थोडी कमी होती. त्याचे रुपयांत साठ हजारांहून अधिक होतात हा हिशेब मी दुकानाबाहेर पडल्यावर केला. आत असताना तो मुद्दामच टाळला होता. पुण्यातल्या एका जुन्या मित्राने, जो माझ्यासारखाच वीस-बावीस वर्षे पाइप ओढतो, लगेच विचारले की इतके पैसे घालण्यात काही अर्थ आहे का. वर्षभराने सांगतो असे मी त्याला म्हणालो होतो. वर्षाला अजून एक महिना कमी आहे, पण माझे मत आता बदलेल असे वाटत नाही.

तंबाखू पाइपमधून ओढली म्हणून निरुपद्रवी होत नाही. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगाचा धोका राहतोच, आणि महागड्या पाइपने तो कणभरही कमी होत नाही. त्यामुळे हे लिखाण नव्याने सुरुवात करू पाहणाऱ्यांसाठी नाही. ज्याला ही सवय आधीच आहे आणि जो काचेच्या कपाटातल्या डनहिलवरच्या पांढऱ्या ठिपक्याकडे पाहत उभा राहतो, त्याच्यासाठी आहे.

त्या ठिपक्याबद्दल थोडे सांगतो. आल्फ्रेड डनहिल यांनी १९०७ मध्ये लंडनच्या ड्यूक स्ट्रीटवर तंबाखूचे दुकान काढले आणि १९१० च्या सुमारास स्वतःचे पाइप घडवून घ्यायला सुरुवात केली. माउथपीस हाताने घासलेले असल्यामुळे त्यांची वरची आणि खालची बाजू अगदी सारखी नसे. ती चटकन ओळखता यावी म्हणून वरच्या बाजूला पांढरा ठिपका बसवला जाऊ लागला, असे सांगतात. म्हणजे मुळात ती कारागिराची सोयीची खूण होती. आज त्या एका ठिपक्यासाठी आपण किती पैसे मोजतो, हाच या सगळ्या प्रकरणातला खरा प्रश्न आहे.

लाकडापासून सुरुवात करतो, कारण विक्रेतेही तिथूनच करतात. ब्रायर म्हणजे भूमध्य समुद्राच्या काठी वाढणाऱ्या एरिका आर्बोरिया या झुडपाच्या मुळाशी येणारी गाठ. ती खणून काढून तिचे ठोकळे पाडतात, ते पाण्यात तासन्‌तास उकळून आतला चीक आणि टॅनिन काढतात, आणि मग महिनोन्‌महिने सावकाश वाळवतात. गाठ दगडामातीत वाढलेली असल्याने तिच्यात खडे आणि पोकळ्या निघतात, आणि चांगला कारखाना असे पुष्कळ ठोकळे फेकून देतो किंवा दुय्यम नावाने विकतो. या निवडीचा खर्च खरा आहे, तो किमतीत असणे मला मान्य आहे. मात्र गुळगुळीत पाइपवर उभ्या समांतर रेषा दिसल्या की किंमत दुपटीने आणि तिपटीने चढते, त्या रेषांचा धुराच्या चवीशी काही संबंध मला आजवर जाणवलेला नाही. ते केवळ डोळ्यांचे सुख आहे. म्हणूनच मी शेल घेतला. पहिल्या महायुद्धाच्या काळात डनहिलने आणलेल्या या प्रकारात वाळूच्या फवाऱ्याने लाकडाचा मऊ भाग उडवून देतात आणि कठीण वलये वर उरतात; त्यामुळे पाइप हातात खरखरीत लागतो, वजनाला हलका होतो आणि गरम झाला तरी बोटांना तितकासा चटका बसत नाही. माझा पाइप बेचाळीस ग्रॅम भरतो. दातांत धरून वर्तमानपत्र वाचता येईल इतका तो हलका आहे.

पाइप चांगला ओढला जाईल की नाही हे बरेचसे एका छिद्रावर ठरते. दांडीतून आलेला धूरमार्ग वाटीच्या तळाला, बरोबर मध्यभागी, निघाला पाहिजे. तो जरा वर निघाला तर तळाची तंबाखू जळत नाही, तिथे ओल साचते आणि शेवटी गुडगुड ऐकू येऊ लागते. (आपल्याकडच्या गुडगुडीला तिचे नाव याच आवाजावरून मिळाले आहे, फरक इतकाच की तिथे तो आवाज हवासा असतो.) पूर्वी मी एक अनाम, स्वस्त पाइप घेतला होता, त्याचे छिद्र तळापासून तीन मिलिमीटर वर होते आणि प्रत्येक वेळी शेवटची चिमूटभर तंबाखू चिखलासारखी काढून टाकावी लागे. डनहिलमध्ये छिद्र जिथे असायला हवे तिथेच आहे, आणि पाइप पेटलेला असताना पाइप क्लीनर माउथपीसपासून वाटीपर्यंत कुठेही न अडखळता जातो. हे उत्तमच झाले. पण नऊ वर्षांपूर्वी नव्वद पौंडांना घेतलेल्या माझ्या साविनेल्ली या इटालियन कारखान्याच्या पाइपमध्येही ते तितकेच बिनचूक आहे, आणि अमेरिकेतील मिझुरी राज्यात १८६९ पासून बनणाऱ्या मक्याच्या कणसाच्या पाइपमध्ये, जो पंधरा पौंडांच्या आत मिळतो, त्यातही माझी कधी अडचण झालेली नाही.

मी व्यवसायाने यंत्र अभियंता असल्यामुळे नुसत्या आठवणीवर विसंबण्याची सवय नाही. इंग्लंडातल्या केंडल गावची एकच व्हर्जिनिया फ्लेक, म्हणजे दाबून पातळ काप केलेली तंबाखू, तितकाच वेळ मोकळी करून वाळवलेली, तिन्ही पाइपांमध्ये प्रत्येकी तीस वेळा ओढली आणि वहीत नोंदी केल्या : पाइप किती वेळा पुन्हा पेटवावा लागला, वाटी हाताला सोसवेनाशी गरम झाली का, तळाशी ओल राहिली का. नवा ब्रायर आतून काजळीचा पातळ थर धरेपर्यंत कच्चाच लागतो, म्हणून डनहिलच्या पहिल्या वीस वेळा मी मोजल्याच नाहीत. पुन्हा पेटवण्याची सरासरी डनहिलमध्ये चार, साविनेल्लीमध्ये चार आणि कणसाच्या पाइपमध्ये तीन आली. वही पुन्हा चाळताना एक गोष्ट मात्र ठळकपणे दिसली. ज्या संध्याकाळी मी घाईत होतो, त्या संध्याकाळी तिन्ही पाइप तापले होते. पाइपपेक्षा ओढणाऱ्याची गती मोठी ठरते, हे मला बावीस वर्षांत आधीच कळायला हवे होते.

मग सहाशे पौंड गेले कुठे? माझे उत्तर असे की त्यांतला जो भाग रोज जाणवतो तो माउथपीसमध्ये आहे. कॅलिपर लावून पाहिले तर दातांखाली येणारी त्याची जाडी ३.९ मिलिमीटर आहे, साविनेल्लीची ४.६ भरते, कारण तो अॅक्रिलिकचा आहे आणि हा पदार्थ कडक व ठिसूळ असल्याने जरा जाड ठेवलेला बरा असतो. डनहिलचा माउथपीस व्हल्कनाइटचा, म्हणजे गंधक मिसळून कडक केलेल्या रबराचा आहे. तो दाताला किंचित मऊ लागतो, कडांना हाताने गोलाई दिलेली आहे, आणि आतली फट टोकाशी पंख्यासारखी पसरत गेल्यामुळे धूर जिभेच्या एकाच जागी आदळत नाही. सात दशांश मिलिमीटर हा आकडा कागदावर हास्यास्पद दिसतो, परंतु तासभर पाइप तोंडात राहिल्यावर जबड्याला त्याचा अर्थ समजतो. दुसऱ्या कोणत्याही बाबतीत हा पाइप माझ्या जुन्या पाइपाच्या इतका पुढे गेलेला नाही.

व्हल्कनाइटची दुसरी बाजूही सांगायला हवी. उन्हात आणि ओलाव्यात त्यातले गंधक वर येते आणि काळा रंग हिरवट तपकिरी पडतो. जुलैत मी आठवडाभर बाहेरगावी गेलो असताना पाइप खिडकीत विसरलो. परत आलो तेव्हा तो पांढरा ठिपका मळकट काळ्यावर बसलेला होता आणि माउथपीसला पेटत्या काडेपेटीसारखा दर्प येत होता. चूक पूर्णपणे माझी. बारीक पॉलिश कागद आणि मेण घेऊन दोन संध्याकाळी घासल्यावर रंग परतला. पण पुण्याच्या गॅलरीत, एप्रिल-मेच्या उन्हात, ही काळजी रोजची होईल. अॅक्रिलिकला यातले काहीच होत नाही.

माझे मत पक्के व्हायला ऑक्टोबरात घडलेली एक गोष्ट कारण झाली. जुन्या पाइपांच्या एका विक्रेत्याकडे दुसरा डनहिल दिसला, तोही शेलच. डनहिलच्या दांडीवर ‘इंग्लंड’ या शब्दानंतर एक अंक कोरलेला असतो आणि साठोत्तर काळात तो १९६० मध्ये मिळवला की निर्मितीचे वर्ष निघते. यावर २२ होते, म्हणजे पाइप १९८२ चा. कोणीतरी पुष्कळ ओढलेला, पण वाटीला तडा नव्हता आणि माउथपीसवर दातांच्या फक्त दोन हलक्या खुणा होत्या. किंमत एकशे सत्तर पौंड. घरी आणून दारूच्या फायाने आतून स्वच्छ केला, काजळीचा जाड थर खरवडून नाण्याच्या जाडीचा ठेवला, आणि ओढला. पहिल्या दिवसापासून तो माझ्या नव्या पाइपपेक्षा अधिक सौम्य लागला, कारण तो आधीच मुरलेला होता. छिद्र तितकेच अचूक, माउथपीस तितकाच पातळ. नव्यासाठी वर मोजलेल्या चारशेहून अधिक पौंडांत मला डबी, मखमली पिशवी आणि पहिला मालक असल्याचे समाधान मिळाले.

ते समाधान खोटे आहे असे मी म्हणणार नाही. आजोबांकडे मातीची चिलीम होती. काही आण्यांची असेल. आत एक खडा आणि बुडाशी ओली छापी, म्हणजे फडके, असे, आणि तिचा धूर थंड येतो याचा त्यांना अभिमान होता. माझ्या सहाशे पौंडांच्या वस्तूलाही त्यापलीकडे फारसे वेगळे काम नाही.

तर मित्राला माझे उत्तर असे. नव्या डनहिलला ओढण्याचे साधन म्हणून सहाशे पौंड द्यावेत इतका तो सरस नाही; शंभर पौंडांच्या आसपासच्या कोणत्याही चांगल्या कारखान्याच्या ब्रायरमध्ये धूर तोच मिळतो, आणि त्याच्या वरचा पैसा माउथपीस, हलकेपणा आणि नाव यांत जातो. यांतला माउथपीस हवाच असेल तर जुना डनहिल घ्यावा, वाटीला आत बोट फिरवून तडे तपासावेत आणि पाइप क्लीनर घालून मार्ग सरळ आहे ना हे पाहावे. नवा मी विकणार नाही, तो रविवारी निघतो. १९८२ चा मात्र रोज खिशात असतो, आणि डिसेंबरात पुण्याला येईन तेव्हा मित्राच्या हातात हाच देणार आहे.