घरची पट्टी की रक्ताची चाचणी?

खानापूरहून मावसबहिणीचा फोन. थोरली तीन वर्षांची, धाकटा आठ महिन्यांचा, अजून अंगावर पितो. पाळी आलेलीच नाही, आणि तव्यावरच्या भाकरीच्या वासानं पोटात ढवळतंय. "अक्का, दिवस गेलेत का ते घरीच पट्टीवर बघू की बेळगावला जाऊन रक्त देऊ?"

अंगावर पाजतेय म्हणून दिवस जाणार नाहीत, हा भरवसा आधी सोड. बीज पाळीच्या आधी सुटतं, त्यामुळे पाळी न येताही दिवस जातात.

खर्चात पट्टी स्वस्त, आशाताईंकडे तर फुकट मिळते. रक्ताच्या चाचणीला काहीशे रुपये, वर बसभाडं आणि कडेवर बाळ.

खात्रीचं मात्र नीट समजून घे. सकाळच्या पहिल्या लघवीचे थेंब टाक, पाकिटावर लिहिलेल्या वेळेतच बघ. उशिरा उमटलेली पुसट रेघ धरू नको. तुझ्याकडे पाळी चुकल्याची तारीखच नाही, म्हणून शेवटच्या संबंधाला तीन आठवडे झाल्यावरचं 'नाही' तेवढं खरं मान. रक्तात काही दिवस आधी कळतं, पण नेमके आठवडे सोनोग्राफीच सांगते.

तू पट्टीच घे. रेघ सारखी पुसट येत असेल तर रक्त दे. रक्तस्राव किंवा पोटात एका बाजूला कळ असेल तर पट्टीच्या नादी न लागता त्याच दिवशी डॉक्टर गाठ. दोन रेघा आल्या तर सोनोग्राफी लांबवू नको. ठेवायचं नसेल तर कायद्यानं 20 आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचं मत पुरतं, आणि संमती फक्त तुझी लागते.