व्हिडिओ पाठवून दिलेल्या स्केटिंगच्या चाचण्या : नऊ महिन्यांचा अनुभव

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे आणि गेली चार वर्षे इनलाइन फिगर स्केटिंग शिकते आहे. म्हणजे बर्फावरच्या फिगर स्केटिंगमधली वळणे, उड्या आणि गिरक्या ती चाकांवर करते. बर्फाचा रिंक आमच्या आवाक्यातला नाही. डेहराडूनचा रिंक २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला गेला आणि सिमल्याचा १९२० पासूनचा रिंक थंडीच्या दिवसांपुरता चालतो. ठाण्याच्या घोडबंदर रोडवर राहणाऱ्या मुलीला त्यांचा रोजच्या सरावासाठी उपयोग नाही. या प्रकारातले परीक्षकही आम्हाला जवळपास सापडले नाहीत, म्हणून गेल्या जूनपासून आम्ही एका परदेशी संघटनेच्या, व्हिडिओ पाठवून देण्याच्या चाचण्या निवडल्या. आतापर्यंत तीन पातळ्या झाल्या आहेत आणि त्यांपैकी मधली दुसऱ्या प्रयत्नात पार पडली.

नियम थोडके आहेत. प्रत्येक घटक एकाच सलग चित्रीकरणात असावा, मध्ये कापाकापी नसावी आणि डोक्यापासून चाकांपर्यंत मूल सतत चौकटीत दिसावे. शुल्क परकी चलनात भरावे लागते, त्यामुळे कार्डावरचे आंतरराष्ट्रीय व्यवहार आधीच सुरू करून घ्यावेत.

खरी अडचण कॅमेरा कोठे ठेवायचा ही आहे, आणि ती आम्हाला कोणी सांगितली नव्हती. फिगर स्केटिंगचा सगळा पाया ‘एज’वर आहे: शरीर पायाच्या बाहेरच्या बाजूला कलले आहे की आतल्या, यावर वळण बरोबर की चूक ते ठरते. बर्फावर पातीची रेघ मागे उरते. १९९० पर्यंत आंतरराष्ट्रीय स्पर्धांत ठरावीक आकृत्या काढाव्या लागत, तेव्हा परीक्षक बर्फावर वाकून त्या रेघा तपासत असत. चाकांची अशी रेघ आमच्या काँक्रीटवर उमटत नाही, म्हणून परीक्षकाला जे कळायचे ते घोट्याच्या कलावरूनच. हा कल बाजूने घेतलेल्या चित्रीकरणात जवळजवळ नाहीसा होतो. बाजूने वेग दिसतो, गुडघ्याची लवण दिसते, पण एज दिसतो तो मूल कॅमेऱ्याकडे येत असताना किंवा कॅमेऱ्यापासून दूर जात असताना. हे समजायला मला दोन महिने लागले, आणि त्यासाठी मला थ्री टर्न आणि मोहॉक यांतला फरक शिकावा लागला: पहिल्यात एकाच पायावर दिशा आणि एज दोन्ही बदलतात, दुसऱ्यात पाय बदलतो पण एजची जात (आतला की बाहेरचा) तीच राहते. चाचणी मुलीची असली, तरी चित्रीकरण करणाऱ्याला स्केटिंग वाचता आले पाहिजे, असे माझे ठाम मत झाले आहे.

दुसऱ्या पातळीचे चित्रीकरण आम्ही ऑगस्टमध्ये केले. उघडा रिंक पावसाने निसरडा झाला होता, म्हणून सोसायटीची परवानगी काढून एका रविवारी पहाटे स्टिल्ट पार्किंगमधल्या चार गाड्या हलवल्या. मुलीचे काम उत्तम झाले, परंतु मोहॉकच्या नेमक्या क्षणी ती खांबाआड गेली आणि ते घरी कोणाच्याही लक्षात आले नाही. पाच आठवड्यांनी ‘पुन्हा प्रयत्न करा’ असा निकाल आला. प्रत्यक्ष चाचणीत परीक्षक समोर असता, तर त्याने तेवढा घटक पुन्हा करून दाखवायला सांगितला असता, अशी हळहळ मला आजही वाटते. निकालाला इतका विलंब मुलांच्या दृष्टीने योग्य नाही. मधल्या काळात ती पुढे गेलेली असतात आणि जुन्या चुकीबद्दलची टिपणी त्यांना परकी वाटते.

ऑक्टोबरमध्ये पाऊस थांबल्यावर आम्ही तीन मीटर दोरी आणि खडू घेऊन रिंकवर सहा मीटर व्यासाचे वर्तुळ आखले. (रांगोळीचा मोह टाळावा, चाके घसरतात.) वर्तुळामुळे तिला वाट मिळाली आणि परीक्षकाला मोजमाप. मोबाइल तिवईवर न ठेवता मी हातात धरला, झूम अजिबात वापरला नाही आणि सेकंदाला साठ चौकटींवर (फ्रेम) चित्रीकरण केले, त्यामुळे वळणाचा क्षण थांबवून पाहिला तरी पुसट होत नाही. अकराव्या चित्रीकरणाला ती समाधानी झाली.

टिपण्यांचा दर्जा मात्र मला मनापासून आवडला. ‘मागे जाताना मोकळा खांदा (म्हणजे उचललेल्या पायाच्या बाजूचा) उशिरा वळतो’ हे एकच वाक्य आमच्या स्केटिंग शिकवणाऱ्या ताईंनी सहा महिने वेगवेगळ्या शब्दांत सांगितले होते. परीक्षकाने ते व्हिडिओतल्या नेमक्या सेकंदासह लिहिले आणि मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता आले. त्यानंतर ती सरावाच्या दिवशीही चित्रीकरण मागू लागली. ज्यांच्याकडे शिकवणारी व्यक्ती नाही, त्यांनी या चाचण्यांच्या मागे लागू नये. टिपणीवरून चूक कळते, पण ती सुधारण्यासाठी शेजारी कोणीतरी उभे असावे लागते.

चौथ्या पातळीचा व्हिडिओ मार्चअखेर पाठवायचा आहे. वॉल्ट्झ जंपसाठी (अर्ध्या गिरकीची उडी) मी कोठे उभे राहायचे, ते या वेळी तिनेच ठरवले असून रिंकच्या कडेला खडूने तशी फुली मारून ठेवली आहे.