प्रॅक्टिकलचा मापन संच: स्क्रू गेज पास, व्हर्नियर मात्र तपासूनच घ्या

अकरावी-बारावीच्या भौतिकशास्त्रासाठी व्हर्नियर कॅलिपर, स्क्रू गेज आणि स्फेरोमीटर (भिंगासारख्या पृष्ठाचा बाक मोजणारे तीन पायांचे साधन) असा तीन नगांचा संच दुकानांत आणि ऑनलाइन मिळतो. खोक्यावर लीस्ट काउंट, म्हणजे वाचता येणारे सर्वांत लहान माप, ठळक छापलेला असतो : व्हर्नियर ०.०१ सेमी, बाकी दोन्ही ०.०१ मिमी. हे आकडे रेघांचे आहेत, खरेपणाचे नाहीत. किती बारीक वाचता येते एवढेच ते सांगतात. वाचलेले बरोबर आहे की नाही, हे जबड्यांवर आणि आट्यांवर ठरते, आणि स्वस्त संचात घोळ तिथेच असतो.

सर्वांत कच्चा नग व्हर्नियर. दुकानात जबडे पूर्ण मिटा आणि ट्यूबलाइटसमोर धरा. मधून पाचरीसारखा उजेड दिसला, तर जबडे समांतर नाहीत. मग तीच वस्तू टोकाशी धरली की एक माप आणि मुळाशी धरली की दुसरे. उजेड दिसत नसेल तर आता रेघा बघा. शून्यासमोर शून्य आले म्हणून खूश होऊ नका. व्हर्नियरची, म्हणजे सरकत्या छोट्या पट्टीची, १० वी रेघ मुख्य पट्टीच्या ९ मिमीच्या रेघेशी जुळली पाहिजे. शून्य जुळते पण दहावी जुळत नाही, म्हणजे पट्टीच चुकीची कोरली आहे, आणि ती चूक कुठल्याही दुरुस्तीने जात नाही. असा नग परत करा. रेघा जाड असतील तर एकाच वेळी तीन-तीन रेघा जुळल्यासारख्या वाटतात, तोही नको.

शून्य त्रुटी, म्हणजे जबडे मिटल्यावरही शून्यासमोर शून्य न येणे, हा मात्र दोष मानू नका. ती मोजता येते, म्हणून वजाही करता येते. व्हर्नियरचा शून्य मुख्य शून्याच्या उजवीकडे असेल तर त्रुटी धन, डावीकडे असेल तर ऋण. ऋण त्रुटीत मुलांचे हमखास चुकते. समजा जबडे मिटल्यावर ७ वी रेघ जुळते. त्रुटी −०.०७ नव्हे, −(१०−७)×०.०१ = −०.०३ सेमी. आता १० रुपयांचे दोन धातूंचे नाणे मोजा. वाचन २.६७ सेमी आले, तर खरे माप २.६७ − (−०.०३) = २.७० सेमी, आणि नाण्याचा व्यास २७ मिमीच असतो. वहीत २.७ लिहू नका, २.७० लिहा. शेवटचे शून्यही मोजलेले आहे.

संचातला खरा पैसावसूल नग स्क्रू गेज. आधी पिच, म्हणजे एका फेऱ्यात स्क्रू सरकतो ते अंतर, स्वतः काढा, माहितीपत्रकावर विसंबू नका. गोल पट्टीला पाच पूर्ण फेरे द्या. स्क्रू ५ मिमी सरकला तर पिच १ मिमी आणि गोल पट्टीवर १०० भाग हवेत, २.५ मिमी सरकला तर पिच ०.५ मिमी आणि ५० भाग. दोन्हींत लीस्ट काउंट ०.०१ मिमीच येतो, पण दुसऱ्या प्रकारात अर्ध्या मिलिमीटरची रेघ नजरेतून सुटते. मग ०.७१ मिमीची तार ०.२१ होते. उत्तर बरोबर अर्ध्या मिलिमीटरने हुकले असेल तर आधी तीच रेघ शोधा.

स्क्रू नेहमी मागच्या रॅचेटनेच (टोकाच्या टकटक वाजणाऱ्या छोट्या मुठीने) मिटवा, दोन-तीन टकटक झाल्या की थांबा. असे पाच वेळा करा. शून्य एका भागापेक्षा जास्त हलत असेल तर आटे ढिले आहेत. बॅकलॅश (आट्यांतला मोकळेपणा) तपासायला स्क्रू थोडा पुढे नेऊन उलटा फिरवा. गोल पट्टी दोन-तीन भाग फिरली तरी दांडा जागचा हलत नाही, असे बहुतेक स्वस्त नगांत होते. म्हणून वाचन घेताना एकाच दिशेने या. पुढे गेलात तर बरेच मागे जाऊन पुन्हा या.

खरी परीक्षा घ्यायची तर सायकलवाल्याकडून पाव इंची छर्रा आणा. तो ६.३५ मिमीचा असतो. शून्य त्रुटी वजा केल्यावर स्क्रू गेजवर ६.३४ ते ६.३६ आले तर नग उत्तम. व्हर्नियरवर त्याच छर्ऱ्याचे ०.६३ किंवा ०.६४ सेमी येईल आणि दोन्ही मान्य. तारेला व्हर्नियर का लावत नाहीत तेही इथेच कळते. २२ गेजची (एसडब्ल्यूजी, म्हणजे तारेच्या जाडीचे ब्रिटिश क्रमांक) तार ०.७१ मिमी जाड, ०.०१ मिमीची चूक म्हणजे सुमारे १.४ टक्के, आणि क्षेत्रफळात व्यासाचा वर्ग येतो म्हणून २.८. व्हर्नियरने हीच चूक १४ आणि २८ टक्क्यांवर जाते. मग त्या क्षेत्रफळावरून तारेचा विशिष्ट रोध (धातूचा विजेला होणारा विरोध) काढून उपयोग काय? तार प्रत्येक जागी काटकोनात दोनदा मोजा आणि तिच्यावर इनॅमलचा (विद्युतरोधक रंगाचा) थर असेल तर आधी खरवडा.

स्फेरोमीटरबद्दल एवढेच : तीन पाय कागदावर दाबून ठिपके उमटवा आणि तिन्ही बाजू मोजा. त्या सारख्या नसतील तर पाय वाकलेले आहेत. खोक्यात सपाट काच आहे का तेही बघा, तिच्याशिवाय शून्य घेता येत नाही.

त्याच पैशांत डिजिटल कॅलिपर घ्यावा का? वर्कशॉपसाठी खुशाल घ्या, प्रॅक्टिकलसाठी नको. पडद्यावर ०.०१ मिमी दिसले तरी अशा नगांची अचूकता साधारण ±०.०२ ते ०.०३ मिमी असते, आणि जुळणारी रेघ शोधायची सवयही लागत नाही.

ठेवताना स्क्रू गेज घट्ट मिटवू नका, फट ठेवा. पावसाळ्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब आट्यांना पुरतो. मापायच्या तोंडांना लागलेले तेल मात्र पुसून टाका, नाहीतर तेही मोजले जाते.