ऑक्टोबरफेस्ट कमी खर्चात: बीअरपेक्षा खाट महाग

जर्मनीतल्या म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टला, म्हणजे तिथल्या बीअरच्या मोठ्या जत्रेला, तिकीट नसतं. टेरेझिएनवीझे या मैदानात शिरायला पैसे लागत नाहीत आणि बीअरच्या तंबूत जायलाही लागत नाहीत. 'एन्ट्री पास' म्हणून कुणी काही विकत असेल तर तिथूनच काढता पाय घ्या. 2026 चा उत्सव 19 सप्टेंबर ते 4 ऑक्टोबर असा आहे. नाव ऑक्टोबरचं असलं तरी बहुतेक दिवस सप्टेंबरातच संपतात. दसऱ्या-दिवाळीच्या सुट्टीला जोडून जाऊ म्हणाल तर रिकामं मैदान बघून परत याल.

बीअरचा दर तुम्ही काहीही केलंत तरी कमी होत नाही. 2025 मध्ये एक लिटरच्या मगाला तंबूनुसार 14.50 ते 15.80 युरो पडत होते, म्हणजे आपले दीड हजार रुपये आणि वर थोडे. दोन मग, वेटरची टीप आणि भाजलेली अर्धी कोंबडी धरली तर माणशी 50 ते 60 युरोत दिवस निघतो. आयुष्यात एकदा करायच्या गोष्टीसाठी हा खर्च आम्हाला रास्त वाटतो. खिसा खरा कापला जातो तो राहण्याच्या जागेत. या सोळा दिवसांत म्युनिकच्या साध्या हॉटेलचेही दर दुपटी-तिपटीला जातात, शनिवार-रविवारी त्याहूनही वर. म्हणून बजेटची सगळी अक्कल खाटेवर खर्च करावी.

पहिला पर्याय म्हणजे गाव बदलणं. आउग्सबुर्ग, लान्ड्सहूट, रोझेनहाइम ही गावं साध्या रिजनल गाडीने पाऊण तासाच्या आसपास आहेत आणि तिथले दर इतके चढत नाहीत. खोली ठरवण्याआधी रात्री 10:30 नंतरच्या गाड्या मात्र वेळापत्रकात बघून घ्या, शेवटची चुकली तर टॅक्सीत वाचलेलं सगळं जातं. दुसरा पर्याय कॅम्पिंगच्या तंबूत राहण्याचा. टालकिर्शनचा कॅम्पिंग तळ आणि बोटॅनिकल गार्डनजवळचा 'द टेंट' यांना तरुण मंडळींची पसंती असते. पण सप्टेंबरअखेर रात्रीचं तापमान 10 अंशांच्या खाली उतरतं, तेव्हा जाड स्लीपिंग बॅग हवीच.

प्रवासाचं गणित सरळ आहे. दोघं ते पाच जण एकत्र असाल तर बायर्न-तिकीट घ्या. त्या एका दिवसाच्या तिकिटावर बव्हेरियातल्या (म्युनिक ज्या राज्यात आहे त्यातल्या) सगळ्या रिजनल गाड्या आणि म्युनिकची मेट्रो, ट्राम, बस चालते. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 नंतर लागू होतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत टिकतं, त्यामुळे रात्रीचा परतीचा प्रवासही त्यातच होतो. आठवडाभर फिरणार असाल तर 63 युरोचं डॉइचलँड-तिकीट, म्हणजे देशभरच्या रिजनल गाड्यांचा महिन्याचा पास पाहा. त्यात दोन खाचखळगे आहेत. ते कॅलेंडर महिन्यापुरतं असतं, म्हणजे 28 सप्टेंबर ते 3 ऑक्टोबर अशा सहलीला दोन महिन्यांचे पैसे पडतात. शिवाय ती वर्गणी आहे, त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत रद्द केली नाही तर पुढच्या महिन्याचेही कापले जातात. आयसीई या वेगवान गाडीत यातलं कुठलंच तिकीट चालत नाही.

व्हिसाची तयारी मार्च-एप्रिलमध्येच सुरू करा. शेंगेन अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या अपॉइंटमेंट भराभर संपतात. फी 90 युरो, वर व्हिसा अर्ज केंद्राचं सेवाशुल्क. प्रवास विमा किमान 30,000 युरोचा लागतो. प्राग किंवा साल्झबुर्ग जोडणार असाल तर सगळ्यात जास्त रात्री जर्मनीत ठेवा, कारण अर्ज मुख्य मुक्कामाच्या देशाकडेच करायचा असतो. राहण्याचं बुकिंग रद्द करता येईल असंच करा.

आता मुख्य प्रश्न बसायच्या जागेचा. तंबूत जागेवर बसलेल्यालाच बीअर मिळते, उभ्या माणसाकडे वेटर बघतही नाहीत. हॉफब्रॉय तंबूत बँडसमोर उभं राहून पिता येतं, तो अपवाद. टेबलाचं आरक्षण आठ-दहा जणांचं असतं आणि त्यात माणशी दोन मग व अर्ध्या कोंबडीची कुपनं आधीच घ्यावी लागतात. आरक्षण फक्त तंबूच्या स्वतःच्या वेबसाइटवरून करा. दलालांकडची टेबलं कित्येक पट महाग असतात आणि दारात ती नाकारली जाण्याचा धोका असतो.

दोघा-तिघांना आरक्षणाची गरजच नाही. सोमवार ते गुरुवार, दुपारी 12 ते 2 च्या दरम्यान आत जा. बिनआरक्षित टेबलं सहसा तंबूच्या मधल्या भागात असतात. आरक्षित टेबलावर नाव आणि वेळेची चिठ्ठी असते, त्या वेळेपर्यंत ते मोकळं असेल तर विचारून बसता येतं, फक्त वेळ झाली की निमूटपणे उठायचं. आठ जणांना एकत्र जागा मिळण्याची आशा सोडा आणि दोन-तीनच्या गटात विखुरून बसा. शनिवार तर टाळाच, त्यातही दुसरा. 2025 मध्ये दुसऱ्या शनिवारी गर्दी इतकी वाढली की मैदानाचे दरवाजे काही काळ बंद करावे लागले. लहान मुलं बरोबर असतील तर मंगळवार धरा, संध्याकाळी 7 पर्यंत मैदानातल्या जत्रेच्या पाळण्यांना सवलत असते. सहा वर्षांखालच्या मुलांना रात्री 8 नंतर तंबूत थांबता येत नाही.

पैसे मग टेबलावर आला की लगेच द्यायचे, आणि रोख दिलेले बरे. भरलेला मग सव्वादोन किलोच्या घरात जातो आणि वेटर बाई असे आठ-दहा एका खेपेत छातीशी धरून आणते. 15.30 युरो झाले तर 17 द्या. टीप टाळलीत तर पुढचा मग यायला वेळ लागतो. मगाच्या वरच्या भागात लिटरची रेघ असते, फेस बसल्यावर बीअर तिच्या बरीच खाली दिसली तर नम्रपणे परत भरून मागा, त्यात कुणाला वावगं वाटत नाही. ही बीअर साधारण 6 टक्क्यांची असते, आणि एक मग म्हणजे आपल्याकडच्या 650 मिलीच्या दीड बाटल्या. गोडसर लागते म्हणून भराभर उतरते आणि तिसऱ्या मगाला अनेकांची सहल तिथेच संपते. मैदानात पिण्याच्या पाण्याचे फुकट नळ आहेत, त्यांचा उपयोग करा.

तंबूंपैकी बीअरसाठी आमचा कौल ऑगस्टिनरला. तिथे अजूनही लाकडी पिंपातून बीअर काढतात आणि तिचा मऊपणा जिभेला कळतो. कमी गोंगाट हवा असेल तर 'ओइडे वीझन' हा मैदानातला जुन्या पद्धतीचा भाग बघा, पण तो दरवर्षी नसतो, तेव्हा त्या वर्षी आहे का ते आधी तपासा. 2025 मध्ये तिथे वेगळा 4 युरो प्रवेश होता, पण जुने पाळणे स्वस्त आहेत आणि लोकसंगीत ऐकू येतं.

शाकाहारी माणूस उपाशी राहत नाही. केझेश्पेट्झले (चीजमध्ये घोळलेले शेवयांसारखे गोळे), बटाट्याची धिरडी आणि मोठा ब्रेत्झेल (पीळ दिलेला खारा पाव) सहज मिळतो. बटाट्याच्या सॅलडमध्ये मांसाचं पाणी आणि क्न्योडलमध्ये (उकडलेल्या गोळ्यांमध्ये) डुकराचं मांस असू शकतं, तेवढं विचारून घ्या. पैसे वाचवायचे तर पोटभर जेवण मैदानाबाहेर करूनच आत शिरा.

पाठीवरची सॅक मैदानात चालत नाही. 20×15×10 सेंटीमीटरपेक्षा मोठी पिशवी दारातच अडवतात, काचेची बाटलीही. विमानतळावरून सामानासकट थेट जायचा विचार असेल तर सोडून द्या, स्टेशनवरचे लॉकर या दिवसांत लवकर भरतात. बीअरचा मग घरी न्यायचा मोह झाला तर तो विकत घ्या, लपवून नेणं चोरी धरतात आणि दारावर तपासणी असते.

रात्री 10:30 ला बीअर बंद होते आणि सगळी गर्दी टेरेझिएनवीझे मेट्रोकडे लोटते, कधीकधी ते स्टेशनच बंद ठेवतात. 10 च्या आधी उठा. दक्षिणेकडे गोएटेप्लाट्झला यू3, यू6 मेट्रो मिळते, उत्तरेला हाकरब्र्युके स्टेशनवरून लोकल, आणि मुख्य स्टेशन तर पायी पंधरा मिनिटांवर आहे.