रीराईटेबल डीव्हीडीवर ड्रॅग अँड ड्रॉप बॅकअप, साडेआठ महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

आमच्या पतसंस्थेत पेनड्राईव्ह बंद आहे, व्हायरस येऊन एकदा सगळं पंचवीस दिवसांचं काम परत भरावं लागलं होतं तेव्हापासून, आणि नेट गावात भरवशाचं नाही. म्हणून डिसेंबरपासून रोज संध्याकाळी हिशोबाचा बॅकअप डीव्हीडी प्लस आरडब्ल्यूवर (पुसून परत लिहिता येणारी डिस्क) ओढून टाकायचा आणि डिस्क तिजोरीत ठेवायची, हे काम माझ्याकडे आलं. पाच डिस्का, विंडोज ७ चं मशीन, त्यातलाच आतला डीव्हीडी रायटर. डिस्कवर लिहायला वेगळं सॉफ्टवेअर काही घेतलं नाही. आता साडेआठ महिने झाले म्हणून सविस्तर लिहितेय, कारण मला सुरुवातीला जे सांगणारं कोणी असतं तर दोन महिने वाचले असते.

पहिली अडचण पहिल्याच आठवड्यात. कोरी डिस्क घातली की विंडोज विचारतं, लाईक अ यूएसबी फ्लॅश ड्राईव्ह की विथ अ सीडी/डीव्हीडी प्लेअर. मी दुसरं निवडलं, वाटलं की सगळीकडे चालेल ते बरं. फोल्डर ओढला, आत दिसला, डिस्क काढली, तिजोरीत ठेवली. चार दिवसांनी सरांनी घरच्या लॅपटॉपवर लावून बघितली तर कोरी! मी म्हटलं, "अहो सर, कॉपी तर दिसत होती की आत." दिसत होती ती फिकट आयकॉनवर बाण असलेली, म्हणजे बर्न होण्यासाठी थांबलेली फाईल, ती असते हार्ड डिस्कवरच्या एका तात्पुरत्या फोल्डरात, डिस्कवर नाही. बर्न टू डिस्क दाबल्याशिवाय एक अक्षरही डिस्कवर जात नाही. कोपऱ्यात फुगा येतो तसा, पण पाच वाजता कॅश जुळवायची गडबड असते तेव्हा कोण बघतं. त्यामुळे तुमची डिस्क कोरी निघत असेल तर आधी हेच बघा, आयकॉन फिकट आहे का.

मग पहिला पर्याय घेऊन डिस्क नव्याने फॉरमॅट केली, याला लाईव्ह फाईल सिस्टीम म्हणतात, आतून ते यूडीएफ असतं, म्हणजे डिस्कवर फाईली मांडायची एक पद्धत. यात ओढलेली फाईल तिथल्या तिथे डिस्कवर लिहिली जाते, डिलीट केली की आरडब्ल्यूवर जागा परत मिळते (साध्या सीडी-आरवर मिळत नाही, तिथे फक्त नाव जातं). इथे एक सांगते, फॉरमॅट करताना क्विक फॉरमॅटची टिक काढा आणि एकदा पूर्ण फॉरमॅट होऊ द्या. ४ एक्सच्या (हा लिहायचा वेग) डिस्कला १५ मिनिटांच्या आसपास जातात, २.४ एक्सला पंचवीसच्या आसपास, पण पूर्ण फॉरमॅटमध्ये अख्ख्या डिस्कवर एकदा लिहून होतं, आणि माझ्या एका डिस्कची खराब जागा तेव्हाच कळली, दुकानदाराने बदलून दिली.

यूडीएफच्या व्हर्जनचा घोळ वेगळाच. फॉरमॅटच्या चौकटीत १.५०, २.००, २.०१, २.५० असे पर्याय दिसतात, मी एका डिस्कला २.५० दिलं, नवीन ते चांगलं असं धरून. ती डिस्क ऑडिटसाठी गेली तेव्हा तिथल्या एक्सपीच्या मशीनवर उघडलीच नाही. एक्सपी २.०१ पर्यंतच वाचतं, आणि यूडीएफवर लिहू तर अजिबात शकत नाही. २.०१ वर ठेवा, डिफॉल्टही तेच असतं. आणि गाडीतल्या प्लेअरला किंवा टीव्हीखालच्या डीव्हीडी प्लेअरला ही डिस्क लावून चालेल अशी अपेक्षा धरू नका, त्यांच्यासाठी ती दुसरी बर्न करायची पद्धतच हवी.

आता वेग. सुरुवातीला मी डेटाचा फोल्डर जसाच्या तसा ओढायचे, त्यात बारीक बारीक साडेतीन हजार फाईली, काहींचा आकार दोन-चार केबी. एकेक तास लागायचा, ड्राईव्हचं डोकं (लेझरचा भाग) सारखं पुढे-मागे जातानाचा आवाज यायचा, मला वाटलं ड्राईव्हच गेला. कारण असं की डीव्हीडीवर लिहायचा सगळ्यात छोटा घास ३२ केबीचा असतो, दोन केबी बदलायचे तरी अख्खा ३२ केबीचा ठोकळा परत लिहावा लागतो, आणि प्रत्येक फाईलमागे नावांच्या यादीतही नोंद करायची असते. तोच फोल्डर झिप करून एकच फाईल ओढली तर सहा-सात मिनिटांत काम. त्या दिवसापासून मी तासभर आधी घरी जाते, खरंच. झिपचा दुसरा फायदा म्हणजे तपासता येतं, सेव्हन झिप या झिपच्या सॉफ्टवेअरमध्ये राईट क्लिक करून टेस्ट आर्काइव्ह केलं की फाईल धड आहे का ते कळतं. फक्त कॉपी झाल्या झाल्या टेस्ट करू नका, तेव्हा विंडोज कदाचित मेमरीतूनच वाचून ओके म्हणेल. डिस्क बाहेर काढा, परत घाला, मग टेस्ट. मी तर आठवड्यातून एकदा दुसऱ्या मशीनवरच तपासते.

सगळ्यात वाईट प्रसंग एप्रिलमधला. डिस्क क्रमांक दोनवर ३१ मार्चचा बॅकअप होता, वर्षअखेरचा, आणि त्याच डिस्कवर मी रोजचा टाकत होते, ही माझी चूक. कॉपीची हिरवी पट्टी पूर्ण झाली होती पण ड्राईव्हचा लाईट चमकत होता आणि तेवढ्यात लाईट गेली. यूपीएसची बॅटरी महिन्याभरापासून मेलेली. परत चालू केल्यावर डिस्क म्हणते फॉरमॅट करायची आहे का. माझे हातपाय गळाले. शेजारच्या टेबलवरच्या वहिनी म्हणाल्या, "करून टाक गं, परत कॉपी कर." नाही केलं, आणि हे मी कळकळीने सांगते, त्या प्रश्नाला कधीही हो म्हणू नका. पट्टी पूर्ण झाली म्हणजे लिहून झालं असं नसतं, थोडा माल मेमरीत राहिलेला असतो आणि कुठली फाईल कुठे आहे ती यादी बरेचदा शेवटी लिहिली जाते. यादी अर्धवट राहिली की डिस्क कोरी वाटते, पण जुना माल आत बहुतेक तसाच असतो. मी डिस्क घरी नेली, लॅपटॉपवर आयसोबस्टर (बिघडलेल्या डिस्कवरून फाईली काढायचं सॉफ्टवेअर) टाकलं, यूडीएफमधून फाईल काढायला लायसन्स घ्यावं लागलं ते घेतलं, आणि मार्चची झिप जशीच्या तशी मिळाली. त्या रात्री दोन वाजता टेस्ट आर्काइव्ह ओके आलं तेव्हा मी आईला उठवून सांगितलं.

त्यातही एक अडचण आली होती. लॅपटॉपला बाहेरून लावायचा स्लिम ड्राईव्ह मी यूएसबी हबला लावला होता, तर डिस्क फिरायची, थांबायची, परत फिरायची, ओळखच नाही. साध्या यूएसबी २ पोर्टमधून ५०० मिलीअँपिअर करंट धरायचा आणि डिस्क फिरवून लेझर चालवायला यापेक्षा जास्त लागू शकतो. हब काढून थेट लॅपटॉपच्या निळ्या (यूएसबी ३) पोर्टला लावलं आणि लगेच वाचायला लागली. त्यामुळे डिस्क खराब ठरवण्याआधी केबल आणि पोर्ट बदलून बघा, विशेषतः लिहिताना मध्येच एरर येत असेल तर.

जुलैपासून डिस्क क्रमांक एक सायक्लिक रिडंडन्सी चेकची एरर द्यायला लागली, म्हणजे डिस्कवरचं धड वाचता येत नाही अशी. आधी मऊ सुती कापडाने पुसली, मधून कडेकडे सरळ, गोल गोल नाही, कारण गोल ओरखडा एकाच ट्रॅकवर लांब पडतो. दोन दिवस चालली, परत तेच. या डिस्कांवरचा थर लेझरच्या उष्णतेने वितळवून-थिजवून लिहिला जातो, साधारण १००० वेळा लिहिता येतं म्हणतात, पण यादीची जागा प्रत्येक कॉपीला आणि प्रत्येक डिलीटला परत परत लिहिली जाते, त्यामुळे बाकी डिस्क ताजी आणि तेवढाच भाग झिजलेला असं होऊ शकतं. माझी तशीच झाली असावी. पूर्ण फॉरमॅट करून बघितली, चालते, पण आता तिच्यावर फक्त बिनमहत्त्वाचं. तेव्हापासून मी रोज जुनी झिप डिलीट करत बसत नाही, तारखेच्या नावाने टाकत जाते, भरली की एकदम रिकामी करते.

सीडी-आरडब्ल्यू घरात पडून असतील तर त्यांच्यावर हे करू नका असं माझं मत. ७०० एमबीची सीडी या पद्धतीने फॉरमॅट केली की साडेपाचशेच्या आसपास उरते, कारण प्रत्येक ६४ केबीच्या पाकिटामागे (एका वेळी लिहायचा तुकडा) जोडणीची जागा वाया जाते, आणि जुन्या ड्राईव्हला तिचा कमी चकाकणारा पृष्ठभाग वाचताच येत नाही. डीव्हीडीतही मायनस आरडब्ल्यू या दुसऱ्या प्रकारापेक्षा प्लस आरडब्ल्यू मला बरी वाटली, तुकड्या-तुकड्याने लिहायला ती जास्त सरळ आहे.

सध्या चालू आहे ते असं: सोमवार ते शुक्रवार तीन डिस्का आळीपाळीने लाईव्ह पद्धतीने, शनिवारी एक साधी डीव्हीडी-आर (एकदाच लिहिता येणारी), बर्न टू डिस्क करून, पुढे काही जोडता येणार नाही अशी बंद करून, ती परत लिहायची नाही. वर्षअखेरचा बॅकअप दोन डीव्हीडी-आरवर, एक तिजोरीत, एक सरांच्या घरी. डिस्क काढताना बटण दाबत नाही, राईट क्लिक करून इजेक्ट, आणि लाईट पूर्ण शांत होईपर्यंत थांबते. यूपीएसला नवी बॅटरी मेमध्ये मंजूर झाली.

ड्राईव्हच्या तोंडावर रॅम असंही लिहिलेलं आहे, म्हणजे डीव्हीडी-रॅम चालायला हवी. तिच्यावर १ लाख वेळा लिहिता येतं आणि खराब जागा ड्राईव्ह स्वतःच बाजूला टाकतो, या कामाला तीच सगळ्यात योग्य. सांगलीत तीन दुकानं फिरले, कुठेच नाही. कोणाकडे न वापरलेली असेल तर सांगा, मी पैसे देऊन घेईन.