पीजीबॅजर (पोस्टग्रेसचा लॉग वाचणारं टूल): फुकट हाय, पण रॅम घ्यायच्या आधी हे चालवा

लातूरच्या मोंढ्यात बारा-चौदा आडत दुकानं आमच्या सॉफ्टवेअरवर पट्ट्या (शेतकऱ्याच्या मालाच्या हिशोबाचा कागद) काढतात. डेटाबेस पोस्टग्रेस, सर्व्हर एकच. दसरा झाला की सोयाबीन येतं आणि सोयाबीनसोबत मला फोन यायला लागतात. पोटलीचा सौदा झाला, मापं उरकली की सगळी दुकानं एकाच टायमाला पट्ट्या काढायला बसतात आणि तिथंच गाडी रुतते. मुनीम फोनवर ओरडतो, "ओ साहेब, पट्टी निघंना झालीय, शेतकरी अर्ध्या घंट्यापासून उभा हाय, टेम्पोवाला हॉर्न मारलालाय!"

मागच्या सीझनला हार्डवेअरवाल्यानं सांगितलं, सर्व्हर कमी पडतोय, रॅम टाका. टाकली. १६ ची ३२ जीबी केली, पैसे देताना शेठचं तोंड बघण्यासारखं झालं होतं, आणि फरक काय तर शून्य. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेस स्वतःच्या कॅशला जेवढी रॅम घेतं ते सेटिंग) तर आपला इन्स्टॉल केल्यापासून १२८ एमबीवरच बसलेला, हे मला नंतर कळलं. उरलेली रॅम ऑपरेटिंग सिस्टीम कॅशला वापरते म्हणा, पण दुखणं रॅमचं नव्हतंच.

म्हणून यंदा लॉग (डेटाबेस स्वतःच्या कामाची नोंद लिहितो ती फाइल) वाचायचं ठरवलं आणि पीजीबॅजर घेतलं. जील दारोल नावाच्या माणसानं पर्लमध्ये लिहिलेलं ओपन सोर्स टूल आहे, उबुंटूवर एका कमांडमध्ये बसतं. पोस्टग्रेसचा लॉग त्याला खाऊ घातला की एक एचटीएमएल फाइल बाहेर येते, ब्राउझरमध्ये उघडा, आलेख-बिलेख सगळं आत. वेगळा सर्व्हर नको, एजंट नको, टूल डेटाबेसला जोडायची गरज नाही, लॉग आपल्या लॅपटॉपवर आणून घरी बसून चालवलं तरी चालतं.

आता पहिला दिवस कसा गेला ते ऐका. रिपोर्ट पूर्ण रिकामा. का, तर आमच्या लॉगच्या ओळीच्या सुरुवातीला कुणीतरी (बहुतेक मीच) फक्त युजर आणि डेटाबेसचं नाव ठेवलेलं, आणि याला टाइमस्टॅम्प अन् प्रोसेस आयडी हवाच असतो. ते लॉग लाइन प्रीफिक्समध्ये टाकलं. मग लॉग स्टेटमेंट चालू होतं ते बंद करावं लागलं, कारण तो फॉरमॅट हे वाचतच नाही, क्वेरी (डेटाबेसला विचारलेला प्रश्न) आणि वेळ दोन्ही लॉग मिन ड्युरेशन स्टेटमेंटमधूनच (किती वेळेच्या वरच्या क्वेरी लॉग करायच्या त्या मर्यादेचं सेटिंग) आली पाहिजे. दुसऱ्या दिवशी रिपोर्ट आला तर सगळी गर्दी सकाळी साडेसहा ते साडेआठ! अरे त्या टायमाला मोंढ्यात हमालसुद्धा नसतो. दहा मिनिटं डोकं खाजवलं मग लक्षात आलं, लॉग यूटीसीमध्ये आहे, साडेपाच तास मिळवा की दुपारचे बारा ते दोन होतात. लॉग टाइमझोन आशिया/कोलकाता केला, रीलोड मारला, झालं, रीस्टार्ट लागत नाही.

पण खरी मेख त्या मर्यादेत होती. मी आधी १००० मिलिसेकंद ठेवलेलं, म्हणजे सेकंदाच्या वर गेलेल्या क्वेरीच लॉगमध्ये येणार. रिपोर्टमध्ये महिन्याच्या उताऱ्याची ४१ सेकंदांची क्वेरी सगळ्यात वर दिसली आणि मी खूश, सापडला चोर! ती दिवसातून दोनदा चालते, तीही संध्याकाळी, हे डोक्यातच आलं नाही. तिच्यावर दोन रात्री घातल्या, ९ सेकंदांवर आणली, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मुनीमचा फोन तसाच.

मग एक दिवस मर्यादा शून्य केली, म्हणजे बारीकसारीक सगळंच लॉग होणार. आणि यावेळी सगळ्यात स्लो क्वेरींचा तक्ता सोडून एकूण वेळ खाणाऱ्या क्वेरींचा तक्ता उघडला. पीजीबॅजरची खरी कमाल इथं आहे, ते क्वेरीतले आकडे-नावं काढून एकसारख्या क्वेरी एका गठ्ठ्यात टाकतं. वर काय होतं? शेतकऱ्याचा मोबाईल नंबर टाकून खातं शोधायची क्वेरी. सरासरी १८० मिलिसेकंद, कुणी ढुंकूनही बघणार नाही, पण एका दिवसात ३१ हजार वेळा चाललेली. गुणाकार केला तर दीड तासाच्या वर जातंय! कारण नंबरचा एकेक आकडा दाबला की सर्च सुटायचा, दहा आकड्यांना दहा सर्च, आणि पुढं-मागं टक्क्याचं चिन्ह लावलेलं लाइक, त्यामुळं इंडेक्स (पटकन शोधायची सूची) असून नसल्यासारखा, दरवेळी अख्खं टेबल चाळायचं. हा कोड तीन वर्षांपूर्वी मीच लिहिलाय. रॅमवाल्याला शिव्या कोणत्या तोंडानं घालू.

दहाही आकडे भरल्यावर एकदाच सर्च आणि बरोबरच्या चिन्हानं तुलना, एवढंच केलं.

लॉकच्या (एकानं ओळ धरून ठेवली की दुसऱ्याला थांबावं लागतं, तो) टॅबमधला प्रकार तर अजून भारी. लॉग लॉक वेट्स चालू केलं की एखादी क्वेरी एक सेकंदापेक्षा जास्त लॉकसाठी अडकली की लॉगमध्ये ओळ पडते (तो सेकंद म्हणजे डेडलॉक टाइमआउट, मुळात तेवढाच असतो). दुपारी अशा ओळींची रांगच रांग, आणि सगळ्या एकाच टेबलावर, पट्टी नंबरच्या. सगळ्या दुकानांच्या सिरीज मी टेबलाच्या एकाच ओळीत ठेवलेल्या, ट्रान्झॅक्शन उघडायचं, नंबर घ्यायचा, पट्टी छापायची आणि मग कमिट (म्हणजे नोंद पक्की, तोवर लॉक सुटत नाही). म्हणजे एका दुकानाच्या डॉट मॅट्रिक्समध्ये कागद संपला की बाकीची तेरा दुकानं त्याच्या कागदाची वाट बघत बसणार! आता आधी कमिट, मग प्रिंट. टेंपररी फाइल्सच्या टॅबमधून कळलं की उताऱ्याचं सॉर्टिंग डिस्कवर सांडतंय, वर्क मेम (सॉर्टिंगला मिळणारी रॅम) ४ एमबी आहे म्हणून. फक्त त्या रिपोर्टच्या सेशनला ६४ केलं. सगळ्यांना वाढवू नका, प्रत्येक सॉर्ट वेगळं घेतं आणि कनेक्शन वाढले की गणित अंगावर येतं.

आता तक्रारी. मर्यादा शून्य ठेवून मी विसरलो आणि दोन दिवसांत लॉगनं डिस्क भरत आणली, त्यात टूलची चूक नाही पण सांगितलेलं बरं. आता रोज २५० ठेवतो आणि महिन्यातून एक बाजाराचा दिवस शून्य. दुसरं, हे लाइव्ह नाही, काल काय झालं ते सांगतं, आत्ता काय अडकलंय ते नाही. क्वेरी स्लो का आहे हेही सांगत नाही, एक्सप्लेन (क्वेरी कशी चालते ते दाखवणारी कमांड) आपलं आपणच करायचं. पीजी स्टॅट स्टेटमेंट्सनं (पोस्टग्रेसचं एक्स्टेन्शन) एकूण वेळ लॉगशिवाय मिळते हे खरं, पण ते बसवायला रीस्टार्ट लागतो, आणि दुपारी बारा वाजता कोण कुणासाठी अडकलं होतं हे त्यात नसतं.

आणि एक गोष्ट जपून. उदाहरण म्हणून रिपोर्टमध्ये खऱ्या क्वेरी छापून येतात, शेतकऱ्यांची नावं, मोबाईल, बँक खात्याचे नंबर सगळं उघडं. मी ती फाइल व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारच होतो, शेवटच्या क्षणी स्क्रोल केलं म्हणून वाचलो. अनॉनिमाइझचा पर्याय आहे, तो लावल्याशिवाय फाइल बाहेर देऊ नका.

पाचपैकी साडेचार. अर्धा त्या रिकाम्या रिपोर्टचा कापला, निदान "प्रीफिक्स बघ बाबा" एवढं तरी ठळक म्हणायचं होतं. रात्री दोनला क्रॉनवर (ठरल्या वेळी आपोआप कमांड चालवणारं) इन्क्रिमेंटल मोडमध्ये लावलंय, दिवसाचा आणि आठवड्याचा रिपोर्ट वेगळा पडतो. सकाळी चहासोबत लॉकचा टॅब आधी उघडतो. ती ९ सेकंदांची उताऱ्याची क्वेरी अजून तशीच आहे, शेठला घाई नाही.